दोन तांबड्या शेळ्या

एकाहत्तर साली जामखेडच्या स्टँडवर खर्ड्याच्या एस.टी.ची वाट बघत होतो. रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी होत्या, नुकत्याच कोर्टातून आलेल्या. रंगुबाई फिर्यादी, मालनबाई आरोपी.

“सुटलात, मालनबाई.”

“सुटनारच. दोघींच्या शेळ्या एकाच आईच्या, तांबड्या. माझी भलतीकडं गेली, तुमची माझ्या दाराशी आली. मी माझी समजून बांधली. साहेब म्हनले, मनात चोरी नव्हती, म्हंजी गुन्हा न्हाई.”

“तीन दिस दूध काढलं की.”

“तेबी माझीच समजून.”

“आन् मनात असलं, पर केलं न्हाई, तर?”

“इचारलं मी वकिलाला. नुसत्या मनातल्याला शिक्षा न्हाई.”

“मग बरंय.”

“का?”

“तुमी सुटलात तर तुमच्या येलाचे दोडके तोडून न्यायचे, असं सकाळपास्नं मनात हाय.”

“न्या की मग.”

“न्हाई बाई. मनातबी हाय आन् हातानंबी केलं, तर गुन्हा हुतो.”

“आन् मी आपनहून दिले तर?”

“मग कोर्टाचा काय संबंध?”

“तर सांजच्याला ये, रंगू. येताना शेळीबी आन. तीन दिस सांबाळली, सय येती तिची.”