ब्रेकमधली हवा

बायको बेरिल वारल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा नॉर्मन अंगणात जुन्या लँडरोव्हरखाली ब्रेक दुरुस्त करत आडवा होता. आज कित्येक आठवड्यांनी तो डबो गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आला. रांगेत त्याच्या पुढे एक तरुण जोडपं होतं.

"तुझ्यामुळे ब्रेकच्या नळीतली हवा निघाली नाही, टेगन."

"गाडीखालून तू 'दाब' म्हणालास, मी पेडल दाबलं."

"'धरून ठेव' म्हटल्यावर सोडलंस."

"पाय भरून आला रे. उद्या तू वर बस, मी खाली झोपते."

"तुला पाना धरता येतो?"

"तुला तरी कुठे येतो?"

दोघं हसत गेली.

"तुला काय हवंय, नॉर्म?" दुकानदाराने विचारलं.

"ब्रेकचं तेल."

"पेडल दाबायला कोण आहे?"

"बेरिलच दाबायची."

दुकानदाराने डबा पुढे ठेवला. नॉर्मन तो घेऊन घरी आला.

ब्रेकमधली हवा काढायची अजून राहिली आहे.