गार धाडाची कोनाकडं

…अन् वरून म्हनते का फागुन मोठा रंगीत महिना हाये. कोन म्हनते? ज्याले वावर नाई, ढोर नाई, घरावर कवेलू नाई, तो म्हनते. बाकीच्यानं म्हनून दाखवावं. तुमाले सांगतो राजेहो, सकायी उठावं तं गोधडी सोडवत नाई, दुपारी अंगावरचं धोतर काढून फेकावं वाटते, अन् दिवस कलला का तिकडून केळझरच्या टेकड्याइकडून एक ढग येते, म्हशीएवढा, अन् मंग त्याच्या मांगं त्याचा सारा गोतावया. गव्हाले थंडी पाह्यजे तं ऊन पडते, वांग्याले ऊन पाह्यजे तं आभाय येते अन् पानापानाले मावा लागते, हरबऱ्याचा घाटा भरला का त्यात अयी हजर, बकऱ्या म्हाताऱ्यावानी खोकलते, अन् गाय… गायीले काय होते ते गायच जाने, पन भांड्यात दूध येत नाई एवढं खरं. आता दोष कोनाले देता? फागुनाचं आभाय कोनाच्या बापाचं नाई.

हे मात्र बाबारावले कोनी सांगतलं नव्हतं. म्हंजे सांगतलं होतं, त्यानं आयकलं नव्हतं.

बाबाराव म्हंजे आमच्या गावात संत्र्याचा बगीचा लावनारा पयला मानूस. बाकी सारे कापूस, जवारी, गहू, अन् वाडीत थोडं वांगं, थोडा सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर. नागपूर तवा अजून राजधानी होतं, अन् बाबारावले वाटे का राजधानीतल्या साऱ्या साहेब लोकायच्या तोंडाले आपल्याच संत्र्यासाठी पानी सुटून राह्यलं. झाडं ल्हान होती तवापासून यानं उन्हायात कावडीनं पानी घातलं, बायकोले लुगडं नाई घेतलं पन झाडायले शेनखत घेतलं, अन् आता इतक्या वर्सानं पयला बहार धराचा होता. पयला! तुमाले ठाव हाये का बहार कसा धरते? ऐन हिवायात झाडाचं पानी तोडते, मुया उघड्या करते, पानं पिवयी पडू देते, झाडाले वाटलं पाह्यजे का आता मेलो. त्या भेवानं ते फुलते. याले ताण म्हनते. बाबारावनं झाडाले ताण देला अन् झाडासंगं सोताबी वायला. मंग पानी सोडलं, अन् राजेहो, अशी फुलं आली, अशी फुलं आली का सडकेवरून जानारा बंडीवाला बैल थांबवून वास घे. पंचफुला, म्हंजे बाबारावची बायको, तिले बगीच्यात शिंकाची बंदी झाली. फूल गयन म्हने. शिंक आली का बिचारी नाक धरून बांधाच्या पार पये, तिथं शिंकून ये, अन् मंग निंदाले बसे.

अन् अशा टायमाले महाशिवरात्र झाली अन् टेकडीच्या मांगं म्हैस दिसली. ढगाची.

आता इथं गुलाबची गोष्ट सांगा लागते. गुलाब आमच्या गावाचा गारपगारी, म्हंजे गार बांधनारा. नव्या लोकायले ठाव नसन. ढग दाटला का हा मारुतीच्या पारावर लंगोटावर उभा राहे, हातात वखराची लोखंडी पास घे, अन् मंतर म्हनून आभायाले अशा शिव्या दे का बाया कानात बोटं घालत अन् बोटाच्या फटीतून आयकत. त्याच्या बदल्यात सुगीले घरोघरचं सूपभर धान्य त्याचं. पन गार मारता येत नाई बरं का, ते फकत हाकलता येते. गुलाबनं हाकलली का ते पल्याडच्या गावाकडं जाये, पल्याडवाला आपली पास फिरवून वापस धाडे, अन् अशी दोघायची वढातान होऊन गार बिचारी मधातल्या नाल्यात पडे. पडे तं पडे. अन् नाई पडली नाल्यात, आपल्यावरच पडली, तं गुलाब म्हने, आज पल्याडवाल्यानं मटन खाल्लं असन, त्याचा जोर जास्त झाला.

तं त्या दिवशी ढग टेकडीच्या मांगंच होता, अन् बाबारावनं गुलाबले घरूनच उचललं. म्हनला, चाल, पाटवड्याची भाजी केली हाये. पाटवडीचं नाव काढलं का गुलाब इंद्राच्या दरबारातूनबी उठून आला असता. बगीच्यात नेऊन बसवला, पानावर पाटवड्या वाढल्या, वरून तेलाची धार, अन् तो खाली मान घालून जेवून राह्यला तवर बाबारावनं बगीच्याच्या तोंडाशी बाभयीचा काटा वढून घेतला. बंद.

गुलाब म्हनला, “अरे पन मी साऱ्या गावाचा हावो ना? मले पारावर जाऊ दे.”

“जेव तं आधी,” बाबाराव म्हनला. “पयले माहा बगीचा बांध, गावाचं मंग पाहू.”

गुलाब जेवाले बसला तवा ढग टेकडीवर होता. हात धुतला तवा डोक्यावर होता. मंग काय करते, उभा राह्यला तिथंच लंगोट बांधून, संत्र्याच्या झाडात, अन् लागला आभायाच्या मायबापाचा उद्धार कराले. बाबाराव बाजूले उभा राहून बोट दाखवे. तिकडं धाड, अजून तिकडं, झाडावर थेंब नको. अन् इकडं पारावर सारं गाव जमा, मनोहरराव पाटील धोतराचा सोगा धरून येरझाऱ्या घालते, गुलाब कोठी गेला, गुलाब कोठी मेला… अन् पडली राजेहो. पयले बोराएवढी, मंग आवयाएवढी. उभा गहू असा निजला का जसा कोन्या लगनातून जागून आला. धुरपताबाईची वांग्याची वाडी, जिच्यातली टोपली भरून ते बिचारी रांडमुंड बाई सेलूच्या बाजारात जाऊन बसे, तिच्यात नुसती डेखं उरली. बैलायच्या पाठीवर टेंगयं, ज्या बकऱ्यायले आडोसा भेटला नाई त्या जाग्यावर गेल्या, अन् कवेलू असे फुटले का घरात बसल्या बसल्या आभाय दिसे.

अन् बाबारावचा बगीचा? चार फुलं गयाली. तीबी पंचफुलाच्या शिंकेनं गयाली असतीन.

आता गारेचा पट्टा असते. एका बांधावर पडते, दुसऱ्यावर पडत नाई, हे साऱ्यायले ठाव हाये. शहाना मानूस असता तं गप राह्यला असता, तोंड पाडून गावात फिरला असता, आपल्या घरचे दोन कवेलू आपल्याच हातानं फोडून घेतले असते. दुसऱ्या दिवशी सकायी पंचफुला त्याले हेच म्हने. म्हने, लोकायच्या घरात पानी गयून राह्यलं, तुमी आज घराबाहीर पडू नका. पन हा? यानं संत्र्याचं फूल कानावर खोवलं, अन् लोक घरावर चढून कवेलू फेरून राह्यले त्यायच्या खालून फिरला, वर मान करून सांगत. गुलाबले म्या बगीच्यात उभा केलता बरं. बोट माहं, पास त्याची. दाना नाई पडू देला. अन् वरचा मानूस फुटका कवेलू हातात घिऊन खाली पाहे, अन् बाबारावले वाटे हा आपलं कौतुक करून राह्यला. फेकला नाई कोनी त्याच्या टायक्यात, एवढे आमच्या गावचे लोक सज्जन.

दिवस कलता कलता पारावर बसले सारे. मनोहरराव पाटलानं बाबारावले बलावलं, तो फूल कानावर ठिवूनच आला. कोनी आरडलं नाई, कोनी शिवी देली नाई. धुरपताबाई उठली, पदर खोसला, अन् एकच इचारलं.

“तुह्या बगीच्यातून हाकलली, तं धाडली कोनाकडं?”

तवा त्याच्या डोक्यात उजेड पडला. कानावरचं फूल हयूच काढून मुठीत घेतलं. अन् मंग असा फिरला गडी, असा फिरला. म्हने, बाई, हे मंतर गिंतर सारं खोटं हाये. आभायाले कान हाये का? पास फिरवल्यानं गार जाते का? गार आपल्या मर्जीनं पडते, आपन सारे शिकले-सवरले लोक. आता पाह्या, सकायपासून गावभर मंतराचा डंका पिटनारा हाच, अन् आता मंतर खोटा म्हननाराबी हाच. पन गुलाब तिथंच बसला होता ना. खोटा म्हनलं तं त्याच्या बापानं अन् आजानं गावाचं धान्य फुकटच खाल्लं, असं झालं. तो उठला. म्हनला, “खोटा कसा? गार म्याच धाडली. पन पाटील, मी तं गावाचा नौकर. बोट कोनाचं होतं ते इचारा.”

झालं. पंचायतीत गुलाब सुटला अन् बोट अटकलं.

पाटील मोठा थंड मानूस. दंड नाई केला, वायीत नाई टाकलं, मारनं तं लांबच. म्हनला, गुलाब आता थकला, त्याले आराम द्या. ज्याच्या बोटानं गार जाते त्यानंच पारावर उभं राहावं. चैत सरेपर्यंत, जवा जवा ढग येईन तवा. आपला बगीचा सोडून. अन् लोक असे हासले, असे हासले का ज्यायच्या बकऱ्या मेल्या तेबी हासले.

शिमग्याले साऱ्या बोंबा बाबारावच्याच नावानं. रंग खेयाले कोनी त्याच्या दारात गेलं नाई, चिखल घेऊन मात्र गेले. तरी गडी उमेदीत. काऊन का बगीच्यात फुलाचं फय बांधलं होतं. हिरवं, गोल, बोराएवढं. तो रोज जाये अन् फांदी उचलून पाहे, जसं कोनी सुनेचं तोंड पाह्यते. पाडव्यापर्यंत टिकलं का मंग भेव नाई म्हने. आता त्याले कोनी सांगावं… सांगतलं होतं ना तुमाले, फागुनाचं आभाय कोनाच्या बापाचं नाई.

पाडवा दोन पावलावर आला, अन् आली म्हैस.

गाव असं जमलं पारावर का जसा तमाशा आला. बाजा टाकल्या, फुटाने आनले. बाबारावचं धोतर सोडवलं, लंगोट बांधला, हातात पास देली. अंग वरून पांढरं फक, कोनी म्हने हा आतून असा हाये हे आमाले ठाव नव्हतं. गुलाब बाजेवर पाय लांब करून बसला अन् तिथून सांगे, हात उच्चा कर, शिवी पोटातून येऊ दे, असा मिनमिन नको करू, ते गार हाये, तुही सासू नाई.

बाबाराव सारं खोटं म्हननारा. पन ढग डोक्यावर आला अन् त्याचा हात आपोआप उठला ना. पयले धुरपताबाईच्या वाडीकडं गेला. बाई उठून उभी राह्यली. म्हनली, तिकडं म्या नवी वांगी लावली, हात फिरव. त्यानं फिरवला. पाटील खाकरला, तिकडं त्याचा गहू खयात पडला होता. अजून फिरवला, तं तिकडं ढोरायचा कोंडवाडा, साऱ्या गावची उरलीसुरली जनावरं. अजून फिरवला तं समोर मारुतीच, आता मारुतीवर गार धाडता का? हात असा गोल फिरला राजेहो, अन् जिकडं जाये तिकडून कोनी तरी खाकरे. अन् फिरता फिरता एका जाग्यावर आला, अन् कोनी खाकरलं नाई. सारे फुटाने खाऊन राह्यले होते.

तिकडं त्याचा बगीचा होता.

तो हात तिथून हालवाले पाहे, तं चहूकडून खाकरन्याचा आवाज. खाली करू पाहे, तं गुलाब म्हने, हात खाली आला का गार इथंच पडते, गाव मरन. उभा राह्यला मंग. उघडा, पांढरा, थंडीनं कापत, पास आपल्याच बगीच्याकडं रोखून. अन् डोयातून पानी. लोक म्हने, पाह्य, मंतर चढून राह्यला.

अन् पडली. तिथंच पडली. पट्टा होता तो, पट्टाच असते, पन असा नेमका, असा नेमका का पारावर एक दाना नाई. पारावरून बगीच्याचा आवाज आयकू ये, जसं कोनी जवारीचं पोतं पत्र्यावर रिचवते.

आभाय फाकलं. पाटलानं त्याच्या गयात हार घातला, नारय फोडला. धुरपताबाईनं ववायलं, सांगतो तुमाले, खरंच ववायलं, अन् डोयातून पानी काढून म्हनली का भाऊ, तू माही वाडी राखली. तिची थट्टा नव्हती. तेच तं वाईट. थट्टा असती तं त्यानं पास फेकून मारली असती. गुलाबनं उठून पाठ थोपटली, म्हनला, माह्यापेक्षा तुहा हात बरा हाये, आता दरसाल तूच.

हार गयात घेऊन तो बगीच्यात गेला. झाडं नागडी, खाली हिरव्या गोटायचा खच, त्याच्यावर गार अजून ईरघयली नव्हती. गावच्या बकऱ्या आधीच पोचल्या होत्या. चारा कोठी होता त्यायले, पयल्या गारीनं सारा नेला होता. खोकलत खोकलत खाऊन राह्यल्या होत्या. पंचफुला एका झाडाखाली बसली होती, बकरीबी हाकलत नव्हती. तिनं त्याच्याकडं पाह्यलं, लंगोट, हार, हातातली पास.

“जा ना,” ते म्हनली. “आता सांगा गावाले, मंतर खोटा हाये म्हना.”

बाबारावनं पास झाडाले टेकवून ठिवली. मंग म्हनला,

“कसा सांगू वो? हात तं माहाच होता.”