चाकाचं सूप

आशाबाई : तुमी केलेली गाडी खताच्या ढिगात घुसली का तिथंच बसते, नत्थुजी. जशी माहेरी आली. उठाचं नावच घेत नाही.

नत्थुजी : दांडी खाली दाबली होती का तुमी?

आशाबाई : दाबली. लोंबकळली बी. शेजारची गोदाबाई भिंतीवरून पाहून राहिली होती. ती म्हणे, आशाबाई, अखजीचा सण तर होऊन गेला, आता कायचा झोका खेळून राहिली?

नत्थुजी : असं कसं? दोन चाकं, त्याईच्या मधात आस. आसेच्या पुढं लोखंडी सूप, मागं दांडी. दांडी वर केली का सुपाचं तोंड खाली जाते, ढिगात घुसते. दांडी दाबली का तोंड वर. तराजूवानी.

आशाबाई : तराजूले समजत असीन. या गाडीले नाही समजलं.

तानुबाई : खत किती घेतलं होतं त्याच्यात?

आशाबाई : काठोकाठ. मावशी, तुमी आपली ज्वारी निवडा. हे माहं अन् नत्थुजीचं काम आहे.

तानुबाई : ज्वारीच निवडून राहिली. कान काय सुपात टाकू?

नत्थुजी : इकडं आणा ते गाडं. पाहू द्या मले. हं. सूप मोठं झालं. तुमीच म्हटलं, दोन टोपले मावले पायजे. मी म्हटलं, फुटक्या मोटेचा पत्रा पडला आहे, लागू द्या सत्कारणी. पण ओलं खत, दोन टोपल्याचं वजन, अन् सारंच्या सारं चाकाच्या पुढं. रेडा बी नाही उचलाचा.

आशाबाई : रेल्वेच्या कामावर पाहिली होती म्हणे तुमी अशी गाडी.

नत्थुजी : मूर्तिजापुराहून एलिचपूरची लाईन टाकत होते तेव्हा. पण ती एकचाकी होती. तिच्यात मुरूम फावड्यानं भरा लागे, मग ढकला. तुमाले भराले फावडं नको, उचलाले माणूस नको. अशी गाडी तं साहेबाजवळ बी नव्हती.

आशाबाई : मग मी एकटी फावडं मारू का टोपलं वाहू? बैलाची बंडी आमच्या बोळात शिरत नाही. आमचे हे वावरात एक खेप टाकून परत येतीन, तवर बोळाच्या तोंडाशी दुसऱ्या खेपेचा ढीग तयार पायजे. दोघी असल्या का एक भरते, एक वाहते. दोघी होतो तेव्हा होतो.

नत्थुजी : फावडं तर मारता येते एकटीले. अडते कुठं?

आशाबाई : तुमाले माहीत आहे कुठं अडते ते. भरलं टोपलं एकटीनं डोक्यावर जाते का?

नत्थुजी : तेवढ्याले कोणी बी हात लावते बाई. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस थांबते. भरलं टोपलं घेऊन बाई उभी आहे अन् कोणी हात लावला नाही, असं या गावात होत नाही. माह्या बापाचं अन् शेजाऱ्याचं कोर्टात चालू होतं, तरी माही माय भारा घेऊन उभी राहिली का तोच शेजारी उठून हात लावे. लावे, अन् मग पुन्हा जाऊन शिव्या देत बसे.

आशाबाई : तेच म्हणते मी. वैरी लावते. जमुनानं नाही लावला.

नत्थुजी : तुमच्या जावेनं?

आशाबाई : सख्ख्या जावेनं. चुली वेगळ्या झाल्या त्याले अजून वर्ष नाही झालं. भांडी वाटली, बैल वाटले, वावर वाटलं. उकिरडा तेवढा दोन्ही घराच्या मागं एकच राहिला, अर्धा त्याईचा अर्धा आमचा. मी टोपलं भरून उभी. ती तिच्या दारात, इथून त्या भट्टीच्या भात्याएवढ्या अंतरावर. मी म्हटलं, जमुने, हात लाव वं. तिनं माह्याकडं पाहिलं. टोपल्याकडं पाहिलं. अन् आत गेली.

नत्थुजी : ऐकू नसीन आलं.

आशाबाई : दार लावून घेतलं, नत्थुजी. गोदाबाईसमोर. मी टोपलं घेऊन तशीच उभी. शेवटी गोदाबाई आली भिंत ओलांडून, अन् हात लावता लावता म्हणते, वेगळं निघालं का असंच असते बाप्पा. अर्ध्या गावाले सांगतलं तिनं नंतर.

तानुबाई : गोदाबाईच्या तोंडाले चाकं आहेत. त्याले आस बी लागत नाही.

आशाबाई : म्हून मले ही गाडी पायजे. कोणाले हाक माराची नाही अन् कोणाची वाट पाहाची नाही. मिरगाच्या पावसाच्या आधी माह्या वाट्याचं खत वावरात गेलं पायजे. ते गेलं का उकिरड्याच्या मधातून भिंत. यायनं विटा पाडाले सांगतल्या बी.

नत्थुजी : भिंत?

आशाबाई : पुरुषभर उंच. ना तिचं तोंड मले दिसलं पायजे, ना माहं तिले.

नत्थुजी : बरं. तुमच्या घरचं तुमी जाणा, मी लाकडाचा माणूस. आता हे पाहा, दोन मार्ग आहेत. एक, दांडी लांब कराची. दांडी लांब तं जोर कमी लागते. पण तुमच्या बोळात वळणार कशी?

आशाबाई : बोळ अरुंद आहे. दांडी लांब नको.

नत्थुजी : मग दुसरा. आस पुढं घ्याची, सुपाच्या पोटाखाली. अर्धं वजन चाकावर, अन् उरलेलं दाबाले हलकं. पण चाकं पुढं गेली का ढिगाले आधी तीच अडतीन. सूप आत जास्त जाणार नाही. भरण कमी.

आशाबाई : किती कमी?

नत्थुजी : निम्मं धरा. एक टोपलं.

आशाबाई : मग काय फायदा? तेवढं तर डोक्यावर नेते मी. आस जराशीच पुढं घ्या. दाबाचं माहं मी पाहीन.

तानुबाई : पुरी पुढं घ्या.

आशाबाई : मावशी?

तानुबाई : पुरी पुढं घ्या म्हणते. कालच सांगतलं मी यायले. एका हातानं दाबली का उठली पायजे. दम लावाचं काम नको.

आशाबाई : अन् मिरग काय तुमी थांबवून धरान?

तानुबाई : दोन चकरा जास्त मार. पाय झिजत नाहीत.

नत्थुजी : काल रातपासून हे चालू आहे आशाबाई. आस पुढं घ्या, अन् ही आडवी दांडी काढा. मी म्हटलं, आडव्या दांडीशिवाय माणूस ढकलीन कशानं?

तानुबाई : दोन दांड्या घ्या, एक इकडून एक तिकडून. माणूस मधात चालीन. आडवं लाकूड असलं का बाई पोट टेकवून ढकलते. मी काय पाहिलं नाही बायाईले? दगडी जातं सरकवाचं असो का कोठी सरकवाची असो, हात थकले का पोट लावतात.

आशाबाई : लावतात तर लावतात. पोट कायले आहे?

तानुबाई : अन् चाकाले लोखंडी धाव नीट बसवा. गचका बसाले नको.

नत्थुजी : पाहा. ही गाडी खताची आहे का नवरीची?

आशाबाई : मावशी, मले चार लेकरं झाली. चारी वेळेस सुईण तुमीच. चौथ्याच्या वेळेस मी कापसाच्या वावरात होती, तुमी म्हटलं, ती ओळ संपव अन् मग घरी चाल, अजून येळ आहे. तेव्हा माह्या पोटाची काळजी नव्हती तुमाले.

तानुबाई : तुह्या पोटाले काही होत नाही. सागवानाचं आहे ते.

आशाबाई : मग हे कोणाच्या पोटाचं माप घेऊन राहिल्या तुमी?

(नत्थुजी लाकूड तासता तासता थांबतो.)

तानुबाई : मी म्हातारी बाई. गाडी चांगली व्हावी म्हून बोलली. उकिरडा एक असला का गाडी बी एकाच हातात राहत नाही.

आशाबाई : माह्याकडं पाहून सांगा.

तानुबाई : ज्वारीत खडे लय आहेत औंदा.

आशाबाई : मावशी, तुमी आमच्याकडं गेल्या होत्या का? आमच्याकडं म्हणजे... तिकडच्या दारात.

तानुबाई : मी साऱ्याईच्या दारात जाते. अन् जे दार उघडलं ते बाहेर येऊन मी लावून घेते. तसं नसतं तर या गावात मले कोणी घरात घेतलं नसतं.

नत्थुजी : ते खरं आहे. मले बी सांगत नाही काही. लग्नाले इतकी वर्षं झाली, पेढा आला का मले समजते.

आशाबाई : तुमी नका सांगू. मी सांगते. तिच्या वाट्याचं खत तसंच पडलं आहे. एक टोपलं हललं नाही. तिचा नवरा सूर्यभान अकोल्याले, कापसाच्या प्रेसमधी. मी घरी म्हटलं, पाहा, वाटणी पायजे होती, मेहनत नाही पायजे.

तानुबाई : हं.

आशाबाई : विहिरीवर मोठी गुंड नेत नाही आता. लहान कळशी नेते, चार खेपा करते. मी म्हटलं, राणीसाहेब झाली.

तानुबाई : तू लय काही म्हटलं या महिन्यात.

आशाबाई : अखजीले झोक्यावर नाही बसली. लहान नणंदेनं हात धरून ओढलं, तर तिच्यावर खेकसली. जमुना, जी सगळ्याईच्या आधी झोक्यावर चढे.

नत्थुजी : आशाबाई, मी जरा पाणी पिऊन येतो.

आशाबाई : बसा तुमी. तुमाले चार लेकरं आहेत, तुमाले काय नवीन आहे. त्या दिवशी दारात तिनं पदर असा धरला होता, पोटावर, दोन्ही हातानं. मले वाटलं ऐट करून राहिली.

तानुबाई : मी काही म्हटलं नाही. हे ध्यानात ठेव.

आशाबाई : नाही म्हटलं. मागच्या दोन्ही वेळेस तिनं पहिले मलेच सांगतलं होतं. सूर्यभानाच्या बी आधी. चुलीपुढं, कानात. तिसरा महिना लागल्याबरोबर. अन् दोन्ही वेळेस मी आनंदानं साऱ्या घराले सांगतलं, अन् दोन्ही वेळेस चौथ्यात...

तानुबाई : ते तुह्या सांगण्यानं नाही झालं.

आशाबाई : मले माहीत आहे. तिले माहीत आहे का?

तानुबाई : भ्यालेल्या बाईले काय माहीत असते अन् काय नसते, कोण सांगीन. दार वाजलं तरी दचकते माणूस. टोपल्याले हात लावणं तर दूरच.

आशाबाई : एक शब्द बोलली असती.

तानुबाई : कोणता? तू सांग, गोदाबाई भिंतीवर असताना कोणता शब्द बोलाचा होता?

आशाबाई : गोदाबाईसमोर? कोणताच नाही.

तानुबाई : म्हून आत गेली.

आशाबाई : आता कितवा, हे नाही विचारत मी.

तानुबाई : विचारू नको.

आशाबाई : मागच्या वेळेस जिथं थांबलं होतं, तिथून पुढं गेली का, एवढं तरी.

तानुबाई : ज्वारी झाली निवडून. चूल पेटवाची आहे मले. आशे, तुह्यासाठी चहा ठेवू का? गूळ टाकून?

आशाबाई : गोड पाजून राहिल्या?

तानुबाई : पाजते. पण मी काही म्हटलं नाही.

नत्थुजी : मग आशाबाई, गाडीचं काय ठरलं? आस?

आशाबाई : पुढं घ्या. पुरी.

नत्थुजी : भरण निम्मं होईन.

आशाबाई : होऊ द्या. अन् आडवी दांडी काढा, मावशी म्हणतात तशा दोन घ्या.

नत्थुजी : मिरगाच्या आत तुमचा ढीग हलला पायजे म्हणत होत्या.

आशाबाई : दोन्ही ढीग हलतीन. माहा मी डोक्यावर नेते. गोदाबाईले हाक मारीन, तिले बी काम पायजे. अन् जमुनाच्या वाट्याचा ढीग मीच वाहीन, हे नेऊन टाकतीन सूर्यभानाच्या वावरात. पहाटे, कोणी उठाच्या आधी.

नत्थुजी : लोक पाहतीनच. म्हणतीन, आशाबाई जावेचं खत चोरून राहिली.

आशाबाई : म्हणू द्या.

नत्थुजी : जमुना बी म्हणीन.

आशाबाई : ती तर भांडाले येईन. दुरून भांडीन, जवळ नाही येणार. चालते मले. तिले कोणी काही विचारत नाही तवर मी चोर बरी.

तानुबाई : नवऱ्याले, खुशालरावाले, काय सांगशीन?

आशाबाई : काही नाही. माणसाईले कारण नाही लागत, फक्त बंडी कुठं न्याची ते सांगा लागते.

नत्थुजी : हे खरं आहे. मी काल रातपासून त्याच हिशेबानं काम करून राहिलो. अन् भिंतीचं?

आशाबाई : भिंत घातली तर गाडी तिकडून इकडं येईन कुठून? विटा गोठ्याले लागतीन.

नत्थुजी : गाडी तिकडून इकडं?

आशाबाई : ढीग मी हलवीन, पण रोज सकाळचं गोठ्यातलं शेण तर तिलेच काढा लागते. ते का मी चोरू? टोपलं डोक्यावर घेण्यापेक्षा या गाडीत ढकललेलं बरं. उकिरड्यावर सोडून देईन मी तिच्या बाजूले. विसरली असं. ती काही बोलणार नाही, मी बी नाही.

तानुबाई : थोडं थोडं न्याचं. काठोकाठ नाही.

आशाबाई : सुपाचे काठ कमी करा मग, नत्थुजी. ती ऐकत नाही. जास्त मावलं का जास्तच भरते.

नत्थुजी : करतो. मोटेचा पत्रा कापतो वीतभर. मग दांड्याईची उंची? पहिले तुमच्या कमरेचं माप घेतलं होतं, ते तसंच ठेवू ना?

आशाबाई : नाही. चार बोटं खाली घ्या. जमुना माह्याहून ठेंगणी आहे.