संघातली बारावी पोरगी

संघ निवडणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आमच्या सिंधूबाईंसोबत मैदानावर उभं राहून बघावं.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. ब्रह्मपुरीला मुलींच्या जिल्हा कबड्डी संघाची निवड होती. निवडणाऱ्या आम्ही दोघीच. मी शाळेतली खेळाची मॅडम, अन् सिंधूबाई म्हणजे एकेकाळची जबरदस्त चढाई करणारी खेळाडू. दुपारपर्यंत अकरा मुली ठरल्या, एक जागा उरली.

सगळ्यात शेवटी मंगला आली. बाप तळ्यात मासेमारी करायचा, अन् पोरगी अगदी काडीसारखी.

सिंधूबाई म्हणाल्या, "हिले काऊन घ्याचं? फुंकर मारली तं उडून जाईन."

मंगला रडकुंडीला आली. "बाई, दोन जीपा बदलून आली मी. एक पकड तं करू द्या ना!"

"बरं, मलेच पकड." बाईंनी पदर खोचला अन् "कबड्डी कबड्डी" करत चढाईला गेल्या. पोरीने सूर मारून त्यांचा घोटाच धरला. बाई धाडकन पडल्या. रेषेकडे सरपटायला पाहिलं, पण इंचभर हलता येईना. शेवटी दम तुटला.

"सोड आता!"

"मॅडमनं शिट्टी नाई वाजवली अजून."

मी वाजवणार कशी? हसून हसून माझ्या तोंडात हवाच उरली नव्हती.

बाई मातीतूनच ओरडल्या, "दात काय काढून राह्यली? शिट्टी वाजव, अन् हिचं नाव लिही!"