सोसायटी मंदाने काढली, राहायला मात्र ती सगळ्यांत शेवटी आली

मंडळी, तुम्ही सगळे आलात. बोर्लीहून मंदाचे भाऊ-वहिनी आलेत, थळच्या शेजारणी हातातली कामं टाकून आल्यात. मंदाबद्दल ‘होती’ म्हणायला जीभ वळत नाही. जमेल तसं बोलते.

मी शालिनी. मंदा आणि मी एकाच शाळेत शिकवलं. निवृत्ती जवळ आली तेव्हा एकदा मधल्या सुट्टीत तिने विचारलं, “शाले, पुढे राहणार कुठे?”

“मुलाकडे. पनवेलला.”

“ते सोय म्हणून. तुला कुठे राहायला आवडेल?”

मंडळी, मला असं त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, “मैत्रिणी असतील तिथे.” झालं. तिथून ही गृहनिर्माण संस्था निघाली. जुने मित्र-मैत्रिणी जमवले, जागा बघितली. नकाशा काढायची वेळ आली तर मंदा म्हणते, “थांबा. आधी एकत्र राहून बघू. जी भांडणं व्हायची ती भिंती उभ्या राहण्याआधीच होऊ देत.”

मे महिन्यात इथे थळलाच एक घर भाड्याने घेतलं आणि सगळे एकत्र राहिलो. भांडणं झाली! हे वसंतराव समोर बसलेत, ते पहाटे रेडिओ लावायचे. माझ्या सुक्या बोंबलांवरून तर दोन पक्ष पडले. हसा, हसा. मंदाही हसली असती.

निघायच्या दिवशी एकेकाला विचारलं, राहणार का? सगळे हो म्हणाले. नाही म्हणाली ती एकटी मंदा.

“उठल्या उठल्या माणसं दिसली की माझी चिडचिड होते. मला हे माहीतच नव्हतं. बरं झालं, कळलं.”

वसंतराव भडकले. “अहो ताई, आम्हाला नादी लावलंत आणि आता तुम्हीच पाठ फिरवता?”

“काम पुरं करून देईन. राहणार नाही, एवढंच.”

आणि दिलं की नाही पुरं करून? नोंदणीसाठी कचेरीत खेटे घातले. डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहून जोत्याचं काम बघितलं. ज्या घरात राहायचंच नाही, त्याच्या खिडक्या कुठल्या बाजूला हव्यात यावर गवंड्याशी वाद घातला. का? मला तेव्हाही कळलं नाही. वास्तुशांतीला पोटभर जेवली आणि बोर्लीला भावाच्या वाडीत निघून गेली. मी रुसले.

मग तिचे फोन येऊ लागले. मागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायच्या की झाडं, यावर आमची जुंपली होती. “आज कोण काय म्हणालं?” मी सांगायचे. “मग तू काय म्हणालीस?” तेही सांगायचे.

आणि एके दिवशी फाटकाशी टेम्पो उभा! वर मंदाचं कपाट. मी म्हटलं, “काय गं, आता माणसं चालतील का?”

“चालवून घेईन. तिकडे वाडीत निवांत बसते आणि डोक्यात विचार इथल्या भांडणाचेच. त्यापेक्षा इथे येऊन ऐकलेलं बरं.”

पण राहणार कुठे? तेव्हा वसंतराव किल्ली घेऊन आले. खालचं एक घर रिकामं होतं, त्याची किल्ली वसंतरावांकडे असायची. कुणी मागायला आलं की हे म्हणायचे, ओल आहे, काम बाकी आहे. कसली ओल? आम्हालाही पत्ता नव्हता. मंदाने किल्ली घेतली आणि विचारलं, “मी येईन असं का वाटलं तुम्हाला?”

वसंतराव म्हणाले, “वाटलं नव्हतं, ताई. पण दुसऱ्याला द्यायला मन होईना.”

त्यानंतर ती इथलीच झाली. तिचा सकाळचा चहा होईस्तोवर कुणी दार वाजवायचं नाही, अशी तंबी होती. आम्ही ती पाळली. आजारपणात मात्र तिनेच सांगितलं, “दार उघडंच ठेवा. येता-जाता दिसत राहा.” ती गेली त्या सकाळी आम्ही सगळे तिच्या खोलीत होतो. तिने एकेकाकडे नीट बघितलं. चिडली नाही.

आपल्याला काय हवं ते कळण्याआधीच हात कसे कामाला लागतात? मंदा, हे तुला विचारायचं राहिलं बघ.

आता उभे राहू या. मागची झाडं ऐकू येतील इतके गप्प राहू या. ज्याचं जे बोलायचं राहिलं असेल, त्याने ते मनातल्या मनात तिला सांगावं.

मंदा, आम्ही सगळे इथेच आहोत. तू नीट जा.