अन्नपूर्णा कॅनडात हाये

(वर्धा. प्रभाकररावांच्या दुकानावरची खोली.)

प्रभाकरराव : पाणी पे पहिले. आन मंग डॉक्टर काय म्हणाला ते सुरुवातीपासून सांग. भाऊजी तं नागपूरहून उतरले तेव्हापासून बोलूनच नाई राह्यले.

अन्नपूर्णा : सांगण्यासारखं फार नाही, मामाजी. कॅनडाच्या व्हिसासाठी छातीचा फोटो लागतो. उजव्या बाजूला वरती डाग निघाला. टीबी आहे.

प्रभाकरराव : पक्कं? मशीनमंदी गडबड होते कधी कधी.

अन्नपूर्णा : दोनदा काढला.

प्रभाकरराव : आन मंग तुह्या जाण्याचं?

अन्नपूर्णा : युनिव्हर्सिटीनं घेतलंय. शिष्यवृत्ती दिलीय. सप्टेंबरात वर्ग सुरू. पण टीबी असताना त्या देशात शिरू देत नाहीत.

वासुदेवराव : मी म्हतलं होतं तुले. शकुबाई टीबीनं पडली हाये, तिच्या खोलीत झोपू नोको. हजार डाव म्हतलं.

अन्नपूर्णा : मग तिथं कोण झोपणार होतं, बाबा?

वासुदेवराव : कोणीबी. एखांदी बाई ठेवली असती.

अन्नपूर्णा : कोण बाई आली असती? दाराशी ताट ठेवून जात होते सगळे. आईसुद्धा.

वासुदेवराव : तुह्या मायले बोलू नोको. तिच्यामागं घर होतं.

अन्नपूर्णा : शकुकाकूच्या मागंपण एक घर होतं. मी हायस्कुलात जावं म्हणून ती विधवा बाई आर्वीत भाड्याच्या खोलीत येऊन राहिली. पोटची असती तरी कोणी एवढं करत नाही. तिला शेवटी तोंड पुसायला माणूस नको?

वासुदेवराव : पुसलं ना तोंड. आता बस.

प्रभाकरराव : भाऊजी, जाऊ द्या. गेलेल्या माणसावरून काऊन भांडता? टीबीवर आता दवा निघाली हाये. पह्यलेसारखं नाई राह्यलं. काय म्हणाला डॉक्टर, किती दिवस?

अन्नपूर्णा : दीड वर्ष. सुरुवातीला रोज सुई, मग नुसत्या गोळ्या. मध्ये सोडायच्या नाहीत. सेवाग्रामच्या दवाखान्यात मिळतात म्हणाले.

प्रभाकरराव : बस? मंग दीड वर्षानं जाजो. कॅनडा कुठं पळून चाललं?

अन्नपूर्णा : जागा थांबते का तेवढी? मी लिहून विचारते. तिथले प्राध्यापक चांगले आहेत. मी एमएस्सीत जवसाच्या मर रोगावर काम केलं, त्याचा एक लहानसा लेख त्यांनी वाचला आणि स्वतःहून लिहिलं, की अर्ज करा. तरी पहिल्या वर्षी नामंजूर केला माझा अर्ज. इंग्रजीच्या परीक्षेला मुंबईला गेले, पुन्हा केला.

वासुदेवराव : जवस तं आपल्या वावरातबी हाये. तुले म्या तेव्हाच म्हतलं, जवस पाह्याले इतक्या दूर कोण जाते?

अन्नपूर्णा : वावरातला उभा पट्टा वाळून जातो, बाबा. तो का वाळतो ते तिथं पाहतात. त्यांच्याकडं मैलोगणती जवस असतं.

वासुदेवराव : तुले जाऊ दिलं होतं ना म्या? सारे नातेवाईक म्हणत होते, पोरीचं लग्न कर. म्या आयकलं कोणाचं? आपल्या रोहण्यात घरोघर पेढे वाटले. केळझरच्या गणपतीले नारळ फोडला.

अन्नपूर्णा : माहीत आहे मला.

वासुदेवराव : आता रविवारी कारंज्याचे लोक येऊन राह्यले जयवंताचं बोलणं पक्कं कराले. पोराचे वडील बाबारावजी सोता येणार. त्याइले काय सांगू? थोरलीले टीबी हाये, धाकटीले घेऊन जा?

प्रभाकरराव : हे मातर मुश्किल हाये.

अन्नपूर्णा : मला आहे टीबी. जयवंताला नाही.

वासुदेवराव : एका घरात राह्यता. एका मायच्या पोटच्या हाये. कोण मानन? शकुबाईच्या टायमाले अर्ध्या गावानं आपल्या घरचं पाणी सोडलं होतं. इसरली का?

अन्नपूर्णा : नाही विसरले.

वासुदेवराव : आन सुई टोचणार कोण? गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर. त्याले सांगणं म्हंजे हनुमानाच्या पारावर जाऊन सांगणं हाये.

प्रभाकरराव : त्याचं कायी नाई. वर्ध्यात टोचता येते. इथून सेवाग्राम कितीक दूर? सायकल-रिक्षानं जाता येते.

वासुदेवराव : तेच म्हणतो मी. तुमच्याकडं राहू द्या तिले, प्रभाकरराव.

प्रभाकरराव : माह्याकडं?

वासुदेवराव : तुमची भाची हाये.

प्रभाकरराव : भाची हाये, मी कुठं नाई म्हतलं. पण... घर पाहून राह्यले ना तुम्ही. खाली दुकान, वरती दोन खोल्या. घरवालीची तब्येतबी तशीच. पोरं लहान हायेत, भाऊजी.

अन्नपूर्णा : मामाजी, राहू द्या. मी तुमच्याकडं राहणार नाही.

प्रभाकरराव : तसं नोको घेऊ, पोरी.

अन्नपूर्णा : तसं नाही घेत. मघा मामींनी मला वेगळ्या पेल्यात पाणी दिलं, तेव्हाच समजलं. बरोबर केलं त्यांनी. मला एक खोली पाहून द्या. शिकवण्या घेऊन माझं भागेल.

प्रभाकरराव : खोलीचं करतो मी. आजच पाह्यतो.

वासुदेवराव : आपल्या गावच्या लोकाइचं येणंजाणं नसन अशा बाजूले पाह्य.

अन्नपूर्णा : गावात काय सांगणार तुम्ही? सहा महिन्यांत सगळ्यांना दिसेल, की मी वर्ध्यात आहे.

वासुदेवराव : वर्ध्यात हाये असं सांगणारच नाई.

अन्नपूर्णा : मग?

वासुदेवराव : सोमवारी तू मुंबईले जाणार होती ना? तिथून पुढं इमानात. साऱ्या गावाले ठाऊक हाये.

अन्नपूर्णा : होते जाणार.

वासुदेवराव : तं जाय. तू कॅनडाले गेली.

प्रभाकरराव : भाऊजी.

वासुदेवराव : आयका तं. गाव तिले जाणारच समजून राह्यलं. खोटं काई बोला लागत नाई. नुसतं खरं नाई सांगाचं.

अन्नपूर्णा : आणि मी सगळ्यांच्या देखत एसटीत बसू?

वासुदेवराव : हो.

अन्नपूर्णा : लोक हार घालतील, बाबा. बायका ओवाळतील. मास्तर भाषण करतील.

वासुदेवराव : करू दे.

अन्नपूर्णा : आणि मी वर्ध्याला उतरू.

वासुदेवराव : जयवंताचं लग्न होयेतोवर फक्त. दिवाळीनंतर साक्षगंध, उन्हाळ्याच्या आंधी लगन. तवालोक तुह्या तिकडून काही तं उत्तर येईन. खरंच जाशील तू. मंग कोणाले समजणार हाये, कोणत्या साली गेली?

अन्नपूर्णा : जयवंताला तरी सांगायचं ना?

वासुदेवराव : ते पोट्टी भोळी हाये. सासरी बोलून जाईन. तुह्या मायले सांगीन, बस.

अन्नपूर्णा : म्हणजे तिच्या लग्नाला मी नाही.

वासुदेवराव : कॅनडाहून कोण येते लग्नाले?

प्रभाकरराव : पोरी, तू हो म्हणायलाच पायजे असं नाई.

अन्नपूर्णा : हो नाही म्हटलं आणि लग्न मोडलं तर, मामाजी? आयुष्यभर जयवंताच्या तोंडाकडं कशी पाहू? ... रविवारी पाहुण्यांना चहा मी द्यायचा?

वासुदेवराव : नाई. चहा तुही माय देईन. तू दुरूनच नमस्कार करजो. अभ्यासात हाये म्हणून सांगतो.

(दीड वर्षानंतर. वर्ध्यातली माडीवरची एक भाड्याची खोली. दुपार.)

अन्नपूर्णा : बसा, बाबा. जिना उंच आहे, दम लागला तुम्हाला. पाणी घ्या.

वासुदेवराव : हो. घेतो.

अन्नपूर्णा : पेला हातात धरूनच बसलात.

वासुदेवराव : घेतो म्हतलं ना.

अन्नपूर्णा : गोळ्या संपल्या माझ्या. परवा फोटो झाला. डॉक्टर म्हणाले, बरी झाली. आता माझ्यापासून कोणाला काही होत नाही.

वासुदेवराव : डाग गेला?

अन्नपूर्णा : डाग राहणार. जखम भरली तरी वण राहतो, तसा. पण रोग नाही.

वासुदेवराव : बरं झालं. लई बरं झालं. वाळली हाये तू मातर.

अन्नपूर्णा : भरून येईन घरी आले की. सामान बांधायला घेतलंय. शिकवणीच्या मुलींनाही सांगून टाकलं. शनिवारी निघावं म्हणते.

वासुदेवराव : शनिवारी?

अन्नपूर्णा : काय झालं? तुम्ही मला न्यायला आलात ना? मामाजींकडं निरोप पाठवला होता मी.

वासुदेवराव : भेटला निरोप. जयवंता आली हाये घरी. बाळंतपणाले.

अन्नपूर्णा : खरं? कधी? कशी आहे?

वासुदेवराव : चांगली हाये. सातवा सरला.

अन्नपूर्णा : मग तर मला यायलाच पाहिजे. लग्नाला नव्हते, निदान आता...

वासुदेवराव : तिची सासू येतजात राह्यते. बाबारावजीबी येऊन गेले. त्याइच्या कारंज्यात साऱ्याइले सांगतात, सुनेची बहीण कॅनडात शिकून राह्यली. पाहुणे आले का पह्यले तेच सांगतात.

अन्नपूर्णा : त्यांना सांगा, शिकणं संपलं.

वासुदेवराव : इतक्यात कसं संपन? चार वर्षं लागतात म्हणून सांगतलं म्या. तूच म्हणत होती, चार लागतात.

अन्नपूर्णा : लग्न होईपर्यंत, असं म्हणाला होता तुम्ही.

वासुदेवराव : म्हतलं होतं. मले वाटलं, तवालोक तू गेलीच असशीन.

अन्नपूर्णा : जागा दुसऱ्याला दिली त्यांनी. वर्षभर थांबले, त्यापुढं त्यांनाही थांबता येईना. ते प्राध्यापक निवृत्त व्हायला आलेत. नव्यानं अर्ज करा, दुसरे कोणी घेतील, असं लिहिलंय.

वासुदेवराव : हे तू सांगतलं नाई मले.

अन्नपूर्णा : तुम्ही येताच कुठं? मागं आलात ते कापूस विकायला बाजारात आलात म्हणून. तेव्हाही बसला नाहीत.

वासुदेवराव : लोकाच्या बैलबंड्या संग राह्यतात. काय सांगू त्याइले, कोणाकडं चाललो म्हणून?

अन्नपूर्णा : कवडू दिसला मला. भाजीबाजारात. आपल्या शेजारचा कवडू. लहानपणी आम्ही एका आंब्यावर चढायचो. मी तोंड फिरवलं आणि गर्दीत घुसले. भाजी तिथंच राहिली.

वासुदेवराव : त्यानं इचारलं मले. म्हणे, काका, अन्नपूर्णासारखी बाई पाह्यली. म्या म्हतलं, येडा झाला का, ते इथं कशी असन?

अन्नपूर्णा : मानलं त्यानं?

वासुदेवराव : मानलं. आपल्या गावचा तानबा तं नेहमी इचारते, तिकडं थंडी किती हाये? म्या सांगतो, गुडघ्याइतका बरफ पडते. खिडकीची काच गोठून जाते. लोक बसून आयकतात. पारावर जागा करून देतात मले.

अन्नपूर्णा : तुम्हाला कुठून माहीत हे?

वासुदेवराव : तूच सांगत होती, तुह्या अर्जाच्या टायमाले. तुह्या मायले सांगत होती, सैपाकखोलीत बसून. मी बाहेरून आयकत होतो.

अन्नपूर्णा : जयवंता काय म्हणते माझ्याबद्दल?

वासुदेवराव : काय म्हणन?

अन्नपूर्णा : सांगा, बाबा.

वासुदेवराव : म्हणते, ताईनं लग्नाले दोन ओळी नाई पाठवल्या. तिकडं गेली, बदलून गेली.

अन्नपूर्णा : तुम्ही काय म्हणालात?

वासुदेवराव : म्या म्हतलं, अभ्यास राह्यते तिले. रडू नोको. बाळंतपण झालं, ते सासरी गेली, का काहीतरी पाह्यतो मी. पण एकदम नेता येत नाई. बाबारावजीले समजलं, आपून दीड वर्ष फसवलं, तं ते टीबीचं सोडतीन, पण फसवल्याचं नाई सोडणार. पोट्टी त्याइच्या हातात हाये.

अन्नपूर्णा : म्हणजे मी बरी झाले याचा काही उपयोग नाही.

वासुदेवराव : असं कसं म्हणतं तू?

अन्नपूर्णा : मी पुन्हा अर्ज भरते. कालपर्यंत मनात नव्हतं. जवस हातात धरून किती दिवस झाले, सुचतही नाही आता काही. पण घरी यायचं तर मला खरंच तिकडं जाऊन यावं लागेल.

वासुदेवराव : भर. भर तू. हुशार हाये तू, घेतीन तुले.

अन्नपूर्णा : फोटोत डाग दिसणारच. मग पुन्हा तपासण्या, कागद, वाट पाहणं. आणि नाहीच घेतलं तर? मग काय सांगाल लोकांना? मी कुठं आहे?

वासुदेवराव : निघतो मी. आर्वीची गाडी चुकली तं मुक्काम पडन.

अन्नपूर्णा : जेवून जा. भाकर टाकते पटकन.

वासुदेवराव : नाई, भूक नाई. घरी वाट पाह्यत असतीन. डाळ आणली हाये, त्या पिशवीत. तुह्या मायनं देली. घरची हाये.

अन्नपूर्णा : आई का नाही आली?

वासुदेवराव : जयवंताले सोडून कशी निघन?

अन्नपूर्णा : आईला एवढं सांगा, बाबा. मी बरी झाले म्हणावं. पूर्ण बरी झाले.

वासुदेवराव : सांगतो. घरात कोणी नसलं का सांगतो.