काळशिड्याचा शेवटचा फुगा

टकटक.

माईक बिघडलेला नाही. मीच पेनाच्या दांडीने टेबल वाजवलं. आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या चित्रकथा साप्ताहिकाचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, छपाईखात्यातले आणि चित्रखात्यातले माझे सहकारी, मागच्या रांगेत मुद्दाम बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, आणि भूगोलाच्या पुस्तकात आमचा अंक लपवून वाचणारे सर्व वाचकहो, निरोपाला उत्तर देताना सुरुवात या आवाजाने करतो, कारण माझ्या नोकरीची सुरुवातही याच आवाजाने झाली.

त्या काळी वरच्या मजल्यावर प्लायवूडचं एक पार्टिशन होतं. पलीकडे चित्रकारबाई बसत, अलीकडे मी. आमची रीत उफराटी होती. आधी बाई पान काढत, बोलण्याचे फुगे रिकामे सोडत, आणि पान झालं की पेनाच्या दांडीने पार्टिशनवर टकटक करत. मग मी ते पान आणून फुग्यांत शब्द भरायचे. पुढे काय होणार, हे एकमेकांना विचारायचं नाही. "विचारलंत तर मग मजा कसली?" असं बाईंचं म्हणणं.

आज ज्याच्यामुळे माझ्या गळ्यात हा हार पडला आहे, तो अवकाशात चाचेगिरी करणारा, ग्रहांची कडी चोरून बोटांत अंगठ्या म्हणून घालणारा काळशिड्या, कसा जन्मला ठाऊक आहे? शाई सांडून. तो एका पानापुरता किरकोळ चोर होता. शेवटच्या चौकटीत आमच्या नायकमहाशयांनी त्याला पकडायचं आणि विषय संपवायचा. पण ऐन वेळी बाईंची दौत लवंडली आणि चोराच्या डोक्यावर भला मोठा डाग पडला. पान पुन्हा काढायला सवड नव्हती. बाईंनी डागावर पांढरा कागद चिकटवला, त्याला शेपूट काढलं आणि म्हटलं, हा फुगा.

पान माझ्यासमोर आलं तेव्हा त्या चोराच्या डोक्यावर गोधडीएवढा फुगा. "अरेरे, सापडलो" एवढ्याने त्याचा कोपराही भरेना. तेव्हा मला आमचे शाळेतले कवितेचे मास्तर आठवले. बाकावर बोटांनी ताल धरून ते वृत्तं शिकवत. 'यमाताराजभान' म्हणताना त्यांचे डोळे मिटत आणि खिडकीबाहेरचं मैदानसुद्धा भुजंगप्रयातात चालतंय असं मला वाटे. मी पेन बुडवलं आणि चोराला बोलतं केलं:

तुझी सूर्यमाला तुला राहु दे रे,
मला फक्त काळोख हा पाहु दे रे;
न माझे कुठे गाव ना दार कोठे,
जिथे नाव थांबे तिथे विश्व मोठे.

बाईंनी वाचलं. "हा चोर आहे की कवी?"

"फुगा तुमचा होता, बाई."

"आता याला बेड्या कशा घालू? हात बांधलेला माणूस असं बोलतो होय?"

आणि बाईंनी पुढच्या पानावर त्याला काळ्या शिडांचं जहाज दिलं, त्यात बसवून पळवलं. एका विज्ञानशिक्षकांनी विचारलं, अवकाशात वारा नसतो, मग शिडं कशाला? बाई म्हणाल्या, "वाऱ्यासाठी नाहीत, रुबाबासाठी आहेत." तेव्हापासून प्रथाच पडली. चोरलेला माल नायकाला परत मिळे, पण काळशिड्या चार ओळी म्हणून ताठ उभा राहून निघून जाई. अंकांना पिना मारणाऱ्या मावशी दर आठवड्याला मला जिन्यात अडवायच्या. "सुटला का?" "सुटला, मावशी." "मग ठीक. आणा इकडे गठ्ठा."

आमच्या सौ. म्हणतात, घरी तुम्ही मुखदुर्बळ, सगळं बोलणं त्या चोराला देऊन येता. खरं आहे. पण त्याच्याकडे ते जास्त शोभलं, हे त्यांनीही मान्य करावं.

असो. आता या मखमली कापडाखालच्या पानाकडे वळतो. संचालकसाहेबांच्या कृपेने काळशिड्याची ही शेवटची गोष्ट आहे. उद्या पान छापायला जाईल. यात तो नायकापुढे गुडघे टेकून बसला आहे आणि फुगा रिकामा आहे. सर्वांसमक्ष मी त्यात "मला क्षमा करा" लिहावं, छायाचित्र निघावं, असा आजचा कार्यक्रम. साहेब मला प्रेमाने म्हणाले, "काका, दुष्टाला पश्चात्ताप झालेला दाखवला पाहिजे. मुलांवर संस्कार होतात."

साहेब, आपल्या शब्दाचा मी मान राखत आलो आहे. पण मुलांवर कोणते संस्कार झाले ते आम्ही पाहिलं आहे. एक मुख्याध्यापक तक्रार घेऊन आले होते, पाढे येत नाहीत त्या पोरांना या चोराच्या कविता तोंडपाठ. मी त्यांना चहा पाजला. कोणाचं एक कडं तरी चोरीला गेलं का हो? पोरं एवढंच शिकली, की हरलेल्या माणसालाही मान ताठ ठेवता येते.

हेच पान मागच्या संचालकांनी बाईंना काढायला सांगितलं होतं. बाईंनी ब्रश धुतला, पुसला, म्हणाल्या, "ज्याला मी उभा काढला त्याला मी बसवणार नाही," आणि जिना उतरल्या. पुन्हा चढल्या नाहीत. आजच्या आमंत्रणालाही उत्तर नाही. मी मात्र राहिलो. त्याच्या तोंडी भलतेसलते शब्द कोणी घालू नयेत म्हणून कुणीतरी राहायलाच हवं होतं. हे पान ज्या तरुण चित्रकाराने काढलं त्याचा हात सुरेख आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला सांगितलं ते त्याने काढलं.

हे साप्ताहिक काढणाऱ्या थोरल्या मालकांनी मला शब्द दिला होता, की माझी नोकरी आहे तोवर काळशिड्याच्या फुग्यात दुसऱ्याचं अक्षर पडणार नाही. सभागृहाचे दिवे मालवेपर्यंत मी नोकरीत आहे. तेव्हा, अध्यक्षांच्या परवानगीने, कापड काढतो.

फुगा पाहिलात? लिंबाएवढा. क्षमेपुरताच ठेवलाय. यात माझ्या चार ओळी मावत नाहीत. पण एक शब्द मावतो.

लिहिला. मागच्यांना दिसत नसेल, वाचून दाखवतो. "नाही."

साहेब, हात लावू नका, शाई ओली आहे.

आता मी आभार मानतो. ज्यांनी हार आणला त्यांचे, ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे, पिना मारणाऱ्या मावशींचे, आणि ज्यांनी मला वृत्त दिलं त्या मास्तरांचे. एकच उणीव राहिली. तो 'नाही' म्हणतोय, पण गुडघ्यांवर बसून. मला चित्र काढता येत नाही, तिथे माझा इलाज खुंटतो. बोलण्याच्या भरात कोणाचा अधिक्षेप झाला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. ही क्षमा मी माझ्यापुरती मागतो आहे. त्याच्या वतीने नाही.

थांबा. टाळ्या जरा थांबवा. कोणी दार वाजवलं?

पुन्हा वाजलं. ऐकलंत? हाताने नाही वाजवलेलं, लाकडाने वाजवलंय.

दाराजवळच्या मंडळींनो, उघडा, आणि वाट द्या. या बाई. जिना बराच आहे, आधी दम घ्या. काखेत कागद आणि डिंकाची बाटली आहे असं दिसतंय, म्हणजे सांगायला नको. अध्यक्ष महोदय, आपली खुर्ची जरा पानाजवळ सरकवता का?

बाई, याला गुडघ्यांवर बसवलाय. उभा करायला किती वेळ लागेल?